मुलगा व्हर्जिनियात, चौकशी मुलुंडची: परदेशातले नातेवाईक आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

"बाबा, तुमची खरी जन्मतारीख कोणती? दाखल्यावर १ जून आहे, पण आजी तर गणपतीतला जन्म सांगायची." रविवारी सकाळी व्हर्जिनियातून असा व्हिडिओ कॉल आला की मुलुंडच्या घरात आधी सगळे हसतात. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. सासूबाईंचा जन्म कोणत्या गावचा? ताईचे मिस्टर अजून नेव्हीच्या डॉकयार्डमध्येच आहेत का? आजोबांच्या जमिनीवर माझं नाव चढलंय का? मी दर महिन्याला पाठवतो ते पैसे कोणाच्या खात्यात जातात? शेवटी आई विचारतेच, "अरे, नोकरी तुला लागणार, मग आमची कुंडली कशाला?"

प्रश्न रास्त आहे. मुलुंड, ठाणे, पार्ले, डोंबिवली इथून शिकायला गेलेली बरीच मुलं आता अमेरिकेची नागरिक झाली आहेत. त्यातली काही तिथल्या संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपन्यांत जातात, काही थेट सरकारी नोकरीत. अशा कामाच्या दारात एक चाळणी असते, तिचं नाव सिक्युरिटी क्लिअरन्स. मुंबईत हा शब्द घराघरांत पोचला तो मे २०२५ मध्ये. सेलेबी या तुर्की कंपनीशी जोडलेल्या, आपल्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या कंपनीचं क्लिअरन्स सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन रद्द केलं, तेव्हा. तिथे प्रश्न कंपनीच्या मालकीचा होता. माणसाच्या बाबतीत हाच प्रश्न त्याच्या आई-बापापर्यंत आणि सासरपर्यंत येतो. तो का येतो आणि उत्तरांचं पुढे काय होतं, ते पाहू.

क्लिअरन्स म्हणजे काय, आणि काय नाही

सरकारची गुप्त कागदपत्रं पाहण्याची किंवा हाताळण्याची परवानगी म्हणजे क्लिअरन्स. अमेरिकेत तिच्या तीन पायऱ्या आहेत: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. ही पदवी नाही, की फी भरून परीक्षेला बसलं आणि मिळाली. तुम्हाला गुप्त काम द्यायचं आहे असं आधी नोकरी देणाऱ्याने म्हणावं लागतं, त्यानंतर सरकार तपासणी सुरू करतं. ती नागरिकांसाठीच असते. ग्रीन कार्ड पुरत नाही, एखादा दुर्मीळ, मर्यादित अपवाद सोडला तर.

तपासणीची सुरुवात एसएफ-८६ नावाच्या फॉर्मने होते. हा फॉर्म शंभर पानांच्या वर जातो. कुठे राहिलात, कुठे शिकलात, कोणाकडे नोकरी केलीत, कर्ज किती, खटले कोणते, कोणत्या देशांत फिरलात, परदेशात कोण आहे, सगळं त्यात. मग तपास होतो, मुलाखत होते आणि निर्णय घेताना १३ निकषांवर माणूस पाहिला जातो. सध्या चालू असलेली नियमावली जून २०१७ पासून लागू आहे. तिच्यातला दुसरा निकष आपल्या विषयाचा: परकीय प्रभाव.

संशय तुमच्यावर नाही, तुमच्या कमकुवत जागेवर

इथे बहुतेक घरांत गैरसमज होतो. "म्हणजे आमचा मुलगा देशद्रोही आहे असं त्यांना वाटतं?" नाही. निष्ठेचा निकष वेगळा आहे, यादीत पहिला. परकीय प्रभावाच्या निकषात प्रश्न असा असतो की या माणसाला हवं ते करायला लावायचं असेल, तर दुसऱ्या कोणाला त्याच्या कोणत्या माणसामार्फत पोचता येईल?

सोसायटीच्या रंगकामाचं टेंडर निघालंय आणि खजिनदारांचा सख्खा मेहुणा रंगकामाचा कंत्राटदार आहे, असं समजा. खजिनदार चोर आहेत असं कोणी म्हणत नाही. पण टेंडरची पाकिटं उघडताना ते खोलीत नसावेत, हे त्यांनाही पटतं. आणि मेहुण्याची गोष्ट त्यांनी स्वतःहून कमिटीला सांगितली, तर विषय पाच मिनिटांत संपतो. ती बी विंगमधल्या कोणी हुडकून काढली, तर मात्र त्यांचे वीस वर्षांचे चोख हिशेब कोणी बघत नाही.

नात्यातून माणसाला वाकवण्याचे दोन रस्ते असतात. एक धाकाचा: "तुझे आई-वडील आमच्या देशात राहतात, हे विसरू नकोस." दुसरा ओढीचा, आणि तो जास्त अवघड. मेहुण्याची बढती, भावाचा सरकारी ठेका, वडिलांचं अडलेलं पेन्शन. कोणी धमकी देत नाही, फक्त एक छोटी मदत मागतो, आणि नकार द्यायला जीभ रेटत नाही. नियमावलीतली भाषा कायदेशीर आणि रुक्ष आहे, पण तिच्यामागचा विचार एवढाच आहे: या माणसावर आपला माणूस की आपलं कर्तव्य, असं निवडायची वेळ येण्याची शक्यता किती?

संशयाचा फायदा मात्र अर्जदाराला मिळत नाही. फौजदारी खटल्यात शंका आरोपीच्या बाजूने जाते. इथे ती सरकारच्या बाजूने जाते, आणि तसं नियमातच लिहिलेलं आहे. एकदा देशाबाहेरच्या नात्याचा मुद्दा निघाला की त्यात धोका नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं.

फॉर्ममधलं कुटुंब आपल्या कुटुंबापेक्षा वेगळं असतं

फॉर्ममध्ये नातेवाईकांचा जो रकाना आहे, त्यात आई-वडील, मुलं, सख्खे आणि सावत्र भाऊ-बहीण, सासू-सासरे येतात. नवऱ्याची किंवा बायकोची माहिती वेगळ्या रकान्यात जाते. आत्या, मावशी, काका, मामा, चुलत-मावस भावंडं या यादीत नाहीत. म्हणून ती सुटली का? नाही. पुढचा रकाना परदेशी नागरिकांशी असलेल्या संबंधांचा आहे. गेल्या सात वर्षांत ज्यांच्याशी जवळचा किंवा सततचा संपर्क आहे आणि ज्यांच्याशी तुम्ही किंवा तुमचा जोडीदार प्रेमाने, प्रभावाने, समान हितसंबंधांनी किंवा बांधिलकीने जोडलेले आहात, ती सगळी माणसं त्यात येतात.

आता व्हॉट्सॲपवरचा "आपलं कुटुंब" ग्रुप डोळ्यांपुढे आणा. तिथे रोज सकाळी सूर्यफुलाचं चित्र टाकणारे काका आहेत. त्यांना वर्षातून एकदा वाढदिवसाचा केक चिकटवला जातो. ही जवळीक नव्हे. पण लहानपणी जिने सांभाळलं, जिला दर आठवड्याला फोन होतो आणि जिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे पाठवले, ती मावशी त्या रकान्यात आलीच पाहिजे. सीमारेषा नात्याच्या नावावरून नाही, तर आतड्याच्या ओढीवरून ठरते. आपल्या माणसांना ती ओळखायला फॉर्म लागत नाही.

सासरच्या बाबतीत एक गंमत आहे. "माझा सासऱ्यांशी फारसा संबंध नाही" हे उत्तर सहसा चालत नाही. जोडीदाराच्या जवळच्या कुटुंबाबद्दल तुम्हाला ओढ किंवा बांधिलकी आहे असंच गृहीत धरतात. नसेल तर ते तुम्ही दाखवायचं. आई-वडिलांच्या बाबतीतही संपर्क वरवरचा नाही हेच गृहीत असतं. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी सहा महिने घरी फोन करणं कमी केलं, असल्या युक्त्यांचा काही उपयोग नाही. उगाच आईला मात्र वाईट वाटतं.

पारडं कशाने झुकतं

सगळ्यात आधी देश पाहतात. तिथलं सरकार कसं आहे, अमेरिकेशी संबंध कसे आहेत, लोकांवर दडपशाही करतं का, अमेरिकेची गुपितं मिळवायचा त्याचा इतिहास आहे का. चीन, रशिया, इराण इथे जवळची माणसं असतील तर अर्जदाराच्या डोक्यावरचं ओझं फार जड असतं. भारत त्या रांगेत बसत नाही. लोकशाही आहे, संरक्षणातली भागीदारी वाढलेली आहे.

"मग मित्रदेशाबद्दल विचारायचंच कशाला?" यावर तिथले लोक एकच नाव सांगतात: जोनाथन पोलार्ड. अमेरिकी नौदलाच्या गुप्तचर विभागातला हा विश्लेषक नोव्हेंबर १९८५ मध्ये पकडला गेला. त्याने कागद विकले ते इस्रायलला, म्हणजे अमेरिकेच्या अगदी जवळच्या मित्राला. त्याला जन्मठेप झाली आणि तो ३० वर्षांनी, २०१५ मध्ये सुटला. मैत्री असली तरी प्रत्येक देशाला तंत्रज्ञान हवंच असतं, हा त्यातून घेतलेला धडा. भारतातल्या नातेवाईकांची प्रकरणं तपासतानाही हाच मुद्दा पुढे येतो.

देशानंतर त्या नातेवाईकाचं काम, आणि मुंबईपुरता हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याकडे घरटी कोणीतरी सरकारी नोकरीत असतं. बेस्टमधून निवृत्त झालेले वडील आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले वडील, दोघांनाही पेन्शन आहे, दोघेही आता सकाळी बागेत फिरतात. पण तपासणाऱ्याला दोघं सारखे दिसत नाहीत. सैन्य, गुप्तचर खातं, अणुऊर्जा, अवकाश, संरक्षण उत्पादन, पोलीस यांच्याशी जोडलेलं नाव आलं की पुढचे प्रश्न वाढतात: नेमकं काय काम, कोणत्या साली निवृत्त, जुन्या सहकाऱ्यांशी ऊठबस आहे का, मुलगा काय करतो हे त्यांना ठाऊक आहे का. अणुशक्तीनगरात आयुष्य काढलेल्या माणसाला हे प्रश्न अपमानास्पद वाटले तर नवल नाही. ज्याने स्वतः तोंडाला कुलूप लावून नोकरी केली, त्यालाच आता धोका म्हणून मोजतात. पण दुसऱ्या बाजूने पाहा. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने ज्या भारतीय संस्थांना आपल्या व्यापारी निर्बंधांच्या यादीत टाकलं, त्यांत भाभा केंद्र होतं, आणि त्याचं नाव निघालं ते थेट जानेवारी २०२५ मध्ये. त्या यादीचा क्लिअरन्सशी थेट संबंध नाही. तरी वडिलांची संस्था अमेरिकी फायलींत कोणत्या कप्प्यात होती, याचा अंदाज येतो.

तिसरी गोष्ट अर्जदाराची स्वतःची मुळं. समजा, एकजण बाविसाव्या वर्षी गेला, आता पंचेचाळिशीत आहे. बायको तिथली नागरिक, मुलं तिथल्या शाळेत, घराचं कर्ज निम्मं फिटलेलं, तो तिथेच मतदान करतो. ठाण्यात आई-वडील आणि एक बहीण. दुसऱ्याला गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं, बायको-मुलं अजून कल्याणलाच, दोन फ्लॅट इथे, तिथे भाड्याची खोली. दोघांचीही निष्ठा सारखीच असू शकते. पण पहिल्यावर दडपण आलं तर तो कोणत्या बाजूला उभा राहील, याचा पुरावा वीस वर्षांच्या जगण्यात पडलेला आहे. दुसऱ्याकडे तो अजून साठलेला नाही. काही वर्षांनी तोच अर्ज वेगळा दिसू शकतो.

या सगळ्याला गणिती सूत्र नाही. नियमावली सांगते की एकेक मुद्दा सुटा न बघता अख्खा माणूस पाहा.

सातबारा, फ्लॅट आणि घरी पाठवलेले पैसे

मालमत्तेचे प्रश्न आपल्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ घालतात, कारण आपल्याकडे मालकी आणि कागद यांचं फारसं पटत नाही. डोंबिवलीचा फ्लॅट वडिलांच्या नावावर, पण शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव जोडलेलं. बँकेत आईबरोबरचं जॉइंट खातं, "कधी लागलं तर असू दे" म्हणून उघडलेलं. लहानपणी वडिलांनी काढलेली एलआयसीची पॉलिसी. आणि कोकणातली जमीन, जिच्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या मागे लागलेली नावं वाचता वाचता दम लागतो. फॉर्म परदेशातली आर्थिक गुंतवणूकही विचारतो आणि स्थावर मालमत्ताही. आज असलेलीच नाही, तर पुढे मिळेल अशी अपेक्षा असलेलीही. वारसाने येणारा हिस्सा त्यात बसतो. तो किती गुंठे आहे हे आधी गावच्या तलाठ्याकडून काढा, मग लिहा.

मोजमाप किमतीचं नसतं, प्रमाणाचं असतं. तिथे चांगला पगार, घर, निवृत्तीचा फंड असलेल्या माणसाला इथल्या अर्ध्या फ्लॅटच्या जोरावर कोणी वाकवेल, असं मानणं कठीण. पण सगळी पुंजी इथे असेल तर चित्र बदलतं.

आई-वडिलांना पाठवलेले पैसेही लिहावे लागतात. परदेशी नागरिकाला आर्थिक आधार दिला आहे का, असा थेट प्रश्न आहे. घाबरायचं कारण नाही. म्हाताऱ्या आई-बापाला पैसे पाठवणं हा दोष आहे असं कोणी म्हणत नाही, फक्त त्यातून बंध किती घट्ट आहे ते दिसतं. ओसीआय कार्डाचंही तसंच, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो त्या कार्डाचं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआयवर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण परदेशी सरकारकडून मिळालेली ती एक सवलत आहे, त्यामुळे ती झाकून ठेवायची गोष्ट नाही.

झाकण्यावरून आठवलं. घरातली मोठी माणसं प्रेमापोटी एक सल्ला हमखास देतात: "जावयाचं नेव्हीतलं कशाला लिहितोस? त्यांना कुठे कळणार आहे?" हा सल्ला नोकरी घालवणारा आहे. नौदलातला भावोजी हा बहुतेक वेळा समजावून सांगता येणारा मुद्दा असतो. लपवलेला भावोजी हा प्रामाणिकपणाच्या वेगळ्या निकषाखाली जातो, आणि तिथे समजावून सांगायला फारसं काही उरत नाही. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा अमेरिकी कायद्याने गुन्हाही आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा.

"पण खरे फितूर असे सापडतात का?"

ही हरकत सगळ्यात वजनदार आहे, आणि तिचं उत्तर मुंबईशी जोडलेलं आहे. नोशिर गोवादिया यांचा जन्म १९४४ चा, मुंबईतला. ते १९६० च्या दशकात अमेरिकेत गेले, नागरिक झाले, नॉर्थ्रॉप कंपनीत बी-२ या रडारला न दिसणाऱ्या बॉम्बर विमानावर काम केलं. २००५ मध्ये अटक झाली, २०१० मध्ये दोषी ठरले आणि जानेवारी २०११ मध्ये ३२ वर्षांची शिक्षा झाली. क्षेपणास्त्राच्या धुराड्याची उष्णता कशी लपवायची, ही माहिती त्यांनी विकली होती. कोणाला? भारताला नाही, चीनला. खटल्यात पुढे आलेलं कारण होतं हवाईतल्या माउई बेटावरच्या त्यांच्या आलिशान घराचे हप्ते.

जन्मगावाकडे नजर लावून बसलेला तपासनीस इथे चुकीच्या दिशेला बघत राहिला असता. इतर मोठी प्रकरणंही याच जातीची. रॉबर्ट हॅन्सन शिकागोत जन्मलेला एफबीआयचा अधिकारी, त्याने दोन दशकांहून अधिक काळात रशियनांना गुपितं विकली आणि रोख रक्कम नि हिरे घेतले. क्युबासाठी हेरगिरी करणारी ॲना माँटेस २००१ मध्ये पकडली गेली. तिने विचारांपोटी केलं, आणि तिची सख्खी भावंडं चक्क एफबीआयमध्ये नोकरीला होती. आपल्याकडे मे २०२३ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या संचालकाला अटक केली, तेव्हाही आरोप होता तो मोबाइलवर झालेल्या ओळखीचा, नात्याचा नव्हे.

मग नातेवाईकांचा निकष फेकून द्यावा का? माझं मत असं: नाही, पण त्याची जागा ओळखावी. पैशाची चणचण आणि हाव माणसाच्या स्वतःच्या हातातली गोष्ट असते. म्हणूनच क्लिअरन्स नाकारण्याच्या कारणांत आर्थिक भानगडींचा नंबर फार वर असतो. परदेशातली आई ही माणसाच्या हातातली गोष्ट नाही. बाहेरच्या सरकारने ठरवलं तर तिच्यापर्यंत पोचता येतं, माणूस कितीही सरळ असो. हा धोका आहेच, पण तो अनेक धोक्यांपैकी एक आहे. गोवादियांच्या बाबतीत घराच्या हप्त्यांकडे पाहिलं असतं तर जास्त कळलं असतं.

"हा सरळसरळ भेदभाव नाही का?"

कागदावर नाही. गुप्त माहितीच्या परवानगीबाबतचा १९९५ चा अमेरिकी अध्यक्षांचा आदेश स्पष्ट म्हणतो की वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून भेद करायचा नाही. तुम्ही भारतात जन्मलात म्हणून नकार देता येत नाही. तुमचे वडील आज भारतात आहेत आणि सरकारच्या अमुक खात्यात आहेत, एवढ्यावर प्रश्न विचारता येतो.

प्रत्यक्षात मात्र ही झळ पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांनाच लागते. ज्याच्या पाच पिढ्या ओहायोत गेल्या, त्याचा तो रकाना दोन मिनिटांत भरून होतो. आपल्या मुलाला महिने लागतात, आणि तोवर काम दुसऱ्याला जातं. शिवाय चौकशीचं बोट संशयाकडे कधी वळेल याचा भरवसा नसतो. तैवानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ वेन हो ली लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत होते. १९९९ मध्ये त्यांच्यावर ५९ आरोप ठेवले गेले, सुमारे नऊ महिने एकांतकोठडी झाली. सप्टेंबर २००० मध्ये फक्त एका आरोपाची कबुली उरली, तीही हेरगिरीची नव्हे, आणि न्यायाधीशांनी भर कोर्टात त्यांची माफी मागितली. निकष तर्काला धरून आहे म्हणून तो वापरणारे हातही निर्मळ असतील, असं मी म्हणणार नाही.

नाकारलं तर दाद कुठे?

अमेरिकेत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी वाट बरीच स्पष्ट आहे. आधी कारणांची लेखी नोटीस येते: तुमच्या सासऱ्यांबद्दल अमुक, तुमच्या फ्लॅटबद्दल तमुक. तुम्ही मुद्द्यागणिक उत्तर द्यायचं, हवं तर सुनावणी मागायची. संरक्षण खात्याच्या एका स्वतंत्र कार्यालयातले प्रशासकीय न्यायाधीश ती घेतात. त्यांचे निकाल अर्जदाराचं नाव गाळून प्रसिद्ध होतात. ऐकीव अफवांपेक्षा ते वाचलेले बरे. त्यावर अपीलही आहे. पण नेहमीच्या कोर्टात जाऊन "मला क्लिअरन्स द्या" म्हणता येत नाही. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये ईगन खटल्यात सांगून ठेवलं आहे.

आपल्याकडे आधी फॉर्म पाहू, कारण "हे अमेरिकेचे नखरे" असं म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेला नसतो. केंद्र सरकारच्या नोकरीत रुजू होताना चारित्र्य पडताळणीसाठी जो साक्षांकन नमुना भरतात, त्यात आई-वडील, जोडीदार, भावंडं यांचं राष्ट्रीयत्व आणि जन्मस्थळ विचारलेलं असतं. मुलं परदेशात शिकत किंवा राहत असतील तर त्यांचा पत्ता आणि कधीपासून, हेही. केंद्रीय कर्मचाऱ्याने परदेशी नागरिकाशी लग्न केलं तर ते सरकारला ताबडतोब कळवायचं, असं १९६४ च्या वर्तणूक नियमांत आहे. म्हणजे ट्रॉम्बेतल्या बापाला मुलाबद्दल आणि व्हर्जिनियातल्या मुलाला बापाबद्दल, दोघांना दोन सरकारं जवळपास तेच विचारतात.

कारण सांगण्याच्या बाबतीत मात्र आपण मागे आहोत. सेलेबीला क्लिअरन्स रद्द होण्यापूर्वी बाजू मांडायची संधी मिळाली नाही. सरकारने माहिती बंद पाकिटात कोर्टापुढे ठेवली आणि जुलै २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सरकारचा निर्णय कायम केला. याउलट एप्रिल २०२३ मध्ये मीडियावन या मल्याळी वृत्तवाहिनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने क्लिअरन्स नाकारण्यावर आधारलेली बंदी रद्द केली, बंद पाकिटाच्या पद्धतीवर ताशेरे ओढले आणि राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही असं सुनावलं. दोन्ही प्रकरणं कंपन्यांची आहेत. एकट्या माणसाला कारण विचारायला जायचं झालं तर वाट याहून सोपी असेल असं वाटत नाही. अमेरिकेने केलेल्या चौकशीला अपमान म्हणणाऱ्यांनी निदान एवढं मान्य करावं की लेखी कारण हातात मिळणं ही लहान सोय नाही.

मिळालं, मग सुटलो?

नाही. क्लिअरन्स असलेल्या माणसाने पुढेही कळवत राहायचं असतं. २०१७ पासून तसे वेगळे नियमच आहेत. परदेशी नागरिकाशी नवी जवळीक झाली, धाकट्या बहिणीचं लग्न लष्करातल्या अधिकाऱ्याशी ठरलं, कोकणातल्या जमिनीची वाटणी होऊन हिस्सा नावावर आला, तर ते आपणहून सांगायचं. खासगी परदेश प्रवासासाठी आधी परवानगी घ्यायची: कोणत्या तारखा, कोणता देश, वाटेत दुबईला उतरणार का. ठरलेल्या कार्यक्रमात बदल झाला तर परतल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत कळवायचं. आजारपण किंवा मयतीसारख्या अचानक प्रसंगी नियम थोडा वाकतो, पण मग परत आल्यावर लगेच नोंद करावी लागते.

तेव्हा घरात कार्य निघालं असेल तर अशा मुलाला तारीख पत्रिका छापायच्या आधी सांगा. आणि तो आल्यावर "तिथे नक्की काय काम करतोस रे?" असं चारचौघांत खोदून विचारणाऱ्या काकांना आधीच बाजूला घेऊन ठेवा. त्याला उत्तर देता येणार नाही, आणि काका सरकारी असतील तर तो प्रश्नच एखाद्या दिवशी त्याला कळवावा लागेल.